विल्सच्या गावात : ब्रिस्टल ते ब्लॅगडन

गुरुवार

लंडनच्या पॅडिंग्टन स्टेशनवरून निघालेली गाडी पावणेदोन तासांच्या आत ब्रिस्टलला पोचवते. हा मार्ग जुन्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेचा. ज्या माणसासाठी मी ब्रिस्टलला निघाले होते, तो एके काळी या रेल्वेच्या संचालक मंडळावर होता. नाव विल्यम हेन्री विल्स. जन्म 1 सप्टेंबर 1830. तंबाखूच्या पिढीजात धंद्यातला भागीदार, लिबरल पक्षाचा खासदार, पुढे सर आणि शेवटी लॉर्ड विंटरस्टोक.

हा माणूस आपल्याकडे कुणाला ठाऊक नसेल, पण त्याचं आडनाव माझ्या पिढीतल्या प्रत्येकाला पाठ आहे. 1996 चा क्रिकेटचा वर्ल्ड कप हा 'विल्स वर्ल्ड कप' होता. त्या काळात आपल्या खेळाडूंच्या छातीवर हेच नाव असायचं, आणि गल्लीतली पोरं घरी पांढऱ्या बनियनवर ते पेनानं लिहून घेत. पानाच्या टपरीवर ते नाव त्याच्याही कितीतरी आधीपासून होतं.

माझं माहेर निपाणी. तंबाखूचं पीक, तंबाखूचा बाजार आणि तंबाखूच्या वखारी यांवर उभं राहिलेलं गाव. हंगामात आमच्या गल्लीत नवखा पाहुणा आला की आधी शिंकायचा, मग खोकायचा, आणि बोलायला त्यानंतर लागायचा. भाची ब्रिस्टल विद्यापीठात शिकायला गेली तेव्हापासून ती फोनवर सांगत होती, "मावशी, इथं अर्धं गाव तंबाखूच्या पैशातून उभं राहिलंय. तू येऊन बघच." म्हणून आले.

सामान तिच्या खोलीवर टाकून आम्ही पार्क स्ट्रीट चढायला लागलो. चढ चांगलाच दमवतो. वर पोचेपर्यंत समोरचा उंच मनोरा सतत दिसत राहतो. तो विल्स मेमोरियल इमारतीचा. परदेशी पाहुणे याच मनोऱ्यापुढे फोटो काढून परत फिरतात, पण ही इमारत माझ्या विल्यम हेन्रीची नव्हे. त्याचा चुलतभाऊ हेन्री ओव्हर्टन विल्स यानं 1908 मध्ये विद्यापीठासाठी एक लाख पौंड जाहीर केले. 1909 मध्ये विद्यापीठाला राजाची सनद मिळाली आणि तोच पहिला कुलपती झाला. तो गेल्यावर त्याच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ ही इमारत बांधायला घेतली. पहिल्या महायुद्धामुळे काम रखडलं आणि 1925 मध्ये राजा पाचवा जॉर्ज याच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. बाहेरून शेकडो वर्षं जुनी वाटणारी ही इमारत जेमतेम शंभर वर्षांची आहे. आतल्या जिन्याच्या डोक्यावरचं दगडी छत मात्र मान मोडेस्तोवर बघत राहावं असं.

माझ्या माणसाची इमारत अगदी शेजारी, तिच्याहून बुटकी आणि रुंद : ब्रिस्टल म्युझियम अँड आर्ट गॅलरी. दर्शनी भागावर दगडात कोरलेल्या मजकुराचा अर्थ असा, की ही सर विल्यम हेन्री विल्स यांची आपल्या नगरबांधवांना भेट, 1904. 1905 मध्ये ती लोकांसाठी उघडली. आराखडा त्याचाच चुलतभाऊ, वास्तुविशारद फ्रँक विल्स याचा. बेडमिन्स्टरमधला विल्स कंपनीचा मोठा कारखानाही याच फ्रँकनं बांधलेला. म्हणजे सिगारेट जिथं वळली जायची ती भिंत आणि तिच्या नफ्यातून चित्रं जिथं टांगली गेली ती भिंत, दोन्ही एकाच माणसाच्या हातची. हे कळल्यावर मी दोन्ही ठिकाणं बघायची हे पक्कं केलं.

आत शिरल्या शिरल्या डोक्यावर विमान लटकलेलं दिसतं. हे 'बॉक्सकाइट', ब्रिस्टलमध्ये 1910 मध्ये तयार झालेल्या विमानाची प्रतिकृती. लाकूड, कापड आणि तारा, बस्स. वर प्राण्यांच्या दालनात आल्फ्रेड नावाचा गोरिला आहे. ब्रिस्टलच्या प्राणिसंग्रहालयातला हा लाडका प्राणी 1948 मध्ये मेला आणि तेव्हापासून पेंढा भरून इथं उभा आहे. शाळेची एक सहल आली होती. मुलं त्याच्यापुढे घोळका करून उभी होती आणि शिक्षिका त्यांना पुढं ढकलत होती, पण एकही पोरगं हलत नव्हतं. चित्रांची दालनं त्यामानानं रिकामी होती. आम्ही तिथं बाकावर निवांत बसलो. प्रवेशाला तिकीट नाही, ज्याला वाटेल त्यानं पेटीत पैसे टाकावेत. सव्वाशे वर्षांमागे एका व्यापाऱ्यानं दिलेल्या इमारतीत आजही कुणीही फुकट येऊन बसतं, ही गोष्ट मला मनापासून मोठी वाटते. पुढं जे काही लिहिणार आहे त्यानं ती लहान होत नाही.

ही इमारत कलादालन म्हणून बांधलेली. जुनं संग्रहालय शेजारच्या वास्तूत होतं. 24 नोव्हेंबर 1940 च्या रात्री जर्मन विमानांनी ब्रिस्टलवर बॉम्ब टाकले, तेव्हा ते जळालं. जे वाचलं ते विल्सच्या कलादालनात हलवलं आणि तिथंच राहिलं.

संध्याकाळी उतरून गावाच्या मध्यावर आलो. इथं एडमंड बर्कचा पुतळा आहे. बर्क 1774 ते 1780 ब्रिस्टलचा खासदार होता. पुतळा ब्रिस्टलला भेट दिला तो विल्यम हेन्री विल्सनं, आणि 1894 मध्ये त्याचं अनावरण करायला खुद्द पंतप्रधान लॉर्ड रोझबेरी आले होते. चौथऱ्यावर बर्कचंच वाक्य आहे. त्याचा आशय असा : चांगलं घडवण्यात आणि वाईटाला अडवण्यात माझा वाटा असावा, यासाठी मला खासदार व्हायचं आहे.

इथं थोडं थांबते, कारण बर्कशी आपलं एक जुनं नातं आहे. 1781 मध्ये राघोबादादांचे वकील म्हणून हणमंतराव नावाचे ब्राह्मण गृहस्थ आणि त्यांच्यासोबत एक पारशी इंग्लंडला आले होते. परक्या देशात सोवळं कसं सांभाळायचं, स्वयंपाक कुठं करायचा, ही त्यांची अडचण बर्कनं ओळखली. त्यानं त्यांना आपल्या बीकन्सफील्डच्या घरी नेलं आणि बागेतलं काचेचं घर चूल मांडायला मोकळं करून दिलं. पुढं याच बर्कनं वॉरन हेस्टिंग्जवर महाभियोग चालवला. त्यामुळे ब्रिस्टलच्या चौकात बर्क दिसला की मराठी माणसानं नमस्कार करायला हरकत नाही. मी केला.

आता विल्स. तो 1880 ते 1885 कॉव्हेंट्रीचा खासदार होता. 1893 मध्ये त्याला बॅरोनेट हा किताब मिळाला. मग 1894 मध्ये हा पुतळा, आणि 1895 च्या मार्चमध्ये पूर्व ब्रिस्टलची पोटनिवडणूक. हा मतदारसंघ कामगारांचा. समोर उभा राहिला ह्यू होम्स गोर, पेशानं वकील आणि विचारानं समाजवादी. लक्षाधीश विल्स जिंकला, पण दोनशेपेक्षाही कमी मतांनी. पुतळे, देणग्या, चेंबर ऑफ कॉमर्सचं अध्यक्षपद, शेरीफपद, सगळं पाठीशी असताना अशी काठावरची जीत. कामगारांच्या वस्तीत तेव्हा वेगळं वारं सुटलं होतं. 1889 पासून ब्रिस्टलमध्ये संपांवर संप होत होते, आणि 1892 च्या नाताळाच्या तोंडावर संपकऱ्यांच्या मोर्चावर घोडेस्वार घातले गेले होते. मोठ्या मनाचा मालक आणि हक्क मागणारा मजूर यांच्यातलं अंतर त्या मतमोजणीत स्वच्छ दिसतं. मला विल्सच्या राजकारणातली हीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटली.

बर्कपासून थोड्याच अंतरावर एक रिकामा चौथरा आहे. गुलामांच्या व्यापारात पैसा मिळवलेल्या एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा तिथं होता. 7 जून 2020 रोजी लोकांनी तो दोरानं ओढून पाडला आणि बंदरात ढकलला. आता तो एम शेड संग्रहालयात आडवा ठेवलाय, अंगावरच्या रंगासकट.

शुक्रवार

बंदराच्या पश्चिम टोकाला, कंबरलँड बेसिनपाशी, लाल विटांच्या तीन राक्षसी वखारी आहेत. ए बॉण्ड, बी बॉण्ड आणि सी बॉण्ड. पहिली 1905 ची, दुसरी 1908 ची, तिसरी 1919 ची. खिडक्या लहान आणि एकसारख्या ओळीत. मागं दरीवर क्लिफ्टनचा झुलता पूल. लोक पुलाचे फोटो काढतात आणि वखारी त्यात आपोआप येतात.

या वखारी जकातीच्या. अमेरिकेतून तंबाखू मोठमोठ्या लाकडी पिंपांत दाबून भरून यायचा. एकेक पिंप अर्ध्या टनाच्या आसपास. सरकारी कुलपाखाली माल इथं मुरत पडायचा, आणि कारखान्याला लागेल तसा बाहेर काढायचा. बाहेर काढताना जकात भरायची. त्यामुळे मालकाचा पैसा आधीच अडकून पडत नसे, आणि माल मुरल्यानं वासही सुधारे. निपाणीच्या वखारी याच्यापुढे खेळण्यातल्या वाटतील, पण मुरलेल्या मालाचा भाव जास्त हे गणित दोन्हीकडे सारखंच.

बी बॉण्डमध्ये आता ब्रिस्टलचं अभिलेखागार आहे, आणि विल्स कंपनीचे कागद तिथंच आहेत. आधी नोंदणी करून गेलो होतो. पेन आत नेता येत नाही, पेन्सिल चालते. जाहिराती, फोटो, सिगारेटच्या पाकिटातली चित्रं, असं बरंच बघितलं. पाकीट चेपू नये म्हणून आत पुठ्ठा घालत. त्यावर चित्र छापलं की लोक संच पुरा करायला तेच पाकीट पुन्हा घेत. 1896 मध्ये विल्सनं क्रिकेटपटूंचा संच काढला होता. शंभर वर्षांनी आपल्या खेळाडूंच्या शर्टावर येणाऱ्या नावाचं मूळ त्या पुठ्ठ्याच्या तुकड्यापर्यंत जातं.

धंद्याची वंशावळ थोडक्यात अशी. पहिला हेन्री ओव्हर्टन विल्स 1786 मध्ये सॉल्सबरीहून ब्रिस्टलला आला आणि एका तंबाखूच्या दुकानात भागीदार झाला. त्याचे मुलगे विल्यम डे आणि हेन्री ओव्हर्टन दुसरा. त्यांच्या आद्याक्षरांवरून 'डब्ल्यू. डी. अँड एच. ओ. विल्स' ही पेढी. विल्यम हेन्री हा विल्यम डेचा मुलगा. घराणं चर्च ऑफ इंग्लंडबाहेरच्या पंथाचं, धर्मभीरू आणि काटकसरी. विल्यम हेन्रीचं शिक्षण मिल हिल या त्या पंथाच्याच शाळेत झालं.

पण पानं यायची व्हर्जिनियाच्या मळ्यांतून, आणि अमेरिकेत गुलामगिरी 1865 मध्ये संपेपर्यंत त्या मळ्यांत राबणारी माणसं गुलाम होती. विल्यम हेन्री तेव्हा पस्तिशीचा, धंद्यात मुरलेला. त्याचं स्वतःचं गुलामांचं जहाज नव्हतं, मळा नव्हता, तरी घराण्याच्या सुरुवातीच्या भांडवलात त्या माणसांचे कष्ट आहेतच. विद्यापीठात या नावावरून काही वर्षं वाद झाला. शेवटी 2023 मध्ये विद्यापीठानं इमारतींची नावं तशीच ठेवली, पण बोधचिन्हातला कोल्स्टनचा डॉल्फिन काढला. विल्सचा सूर्य राहिला. भाचीला हा निर्णय अर्धवट वाटतो. मला वाटतं, नाव पुसलं तर उद्या ही गोष्ट कुणी विचारणारही नाही. नाव राहू दे आणि त्याच्याखाली सगळी हकिकत ठळक लिहू दे. जेवताना आमचं यावर बरंच वाजलं.

खरी झेप यंत्रानं घेतली. 1880 च्या आसपास जेम्स बॉन्सॅक या अमेरिकन तरुणानं सिगारेट वळणारं यंत्र बनवलं. कागदाची लांबच लांब पट्टी एका बाजूनं येते, तिच्यावर तंबाखू पसरतो, पट्टी गुंडाळली जाते, चिकटते, आणि फिरतं पातं त्या अखंड दांडीचे तुकडे पाडतं. मिनिटाला दोनशे. हातानं वळणारी कुशल बाई मिनिटाला चार-पाच वळेल. 1883 मध्ये विल्सनं ब्रिटनपुरते या यंत्राचे हक्क घेतले. 1888 मध्ये वुडबाइन ही स्वस्त सिगारेट बाजारात आली, एका पेनीला पाच. साहेबाची चैन गिरणी कामगाराच्या खिशात पोचली, आणि विल्स घराणं ब्रिटनच्या धनाढ्यांत गेलं.

1901 मध्ये अमेरिकेचा तंबाखूसम्राट जेम्स ड्यूक लिव्हरपूलची ऑग्डेन कंपनी विकत घेऊन ब्रिटनमध्ये घुसला. त्याला तोंड द्यायला तेरा ब्रिटिश कंपन्या एक झाल्या आणि इंपीरियल टोबॅको उभी राहिली. पहिला अध्यक्ष विल्यम हेन्री विल्स, वय एकाहत्तर. वर्षभर भाव पाडापाडीची लढाई चालली आणि 1902 मध्ये तह झाला. घरचा बाजार ज्याचा त्याला, आणि बाकी जगासाठी दोघांची मिळून ब्रिटिश अमेरिकन टोबॅको. त्या 'बाकी जगात' आपण होतो. 1910 मध्ये कोलकात्यात इंपीरियल टोबॅको कंपनी ऑफ इंडिया सुरू झाली. तीच आजची आयटीसी. विल्स नाव, गोल्ड फ्लेक नाव, सगळं त्या वाटेनं आपल्या टपरीवर आलं.

शनिवार

नदी ओलांडून दक्षिणेला बेडमिन्स्टर. ईस्ट स्ट्रीटवर 1886 मध्ये विल्सचा मोठा कारखाना उभा राहिला, फ्रँकनं बांधलेला तो हाच. मागचा कारखाना 1986 मध्ये पाडला. रस्त्यावरची लाल दर्शनी भिंत तेवढी ठेवली आहे, आणि तिच्यामागं सुपरमार्केट आहे. गुरुवारी संग्रहालयाचा कोरीव दगड पाहिलेला असला की ही भिंत नीट दिसते. विटांची रांग, कमानी, कोपऱ्यावरचं काम, सगळं निगुतीनं केलेलं. कामगारांच्या दारातही फ्रँकनं हात आखडला नव्हता.

आत हजारो बायका आणि मुली काम करत. पहिलं काम पानाची मधली शीर ओढून काढण्याचं. पान आधी वाफेनं ओलसर करायचं, नाहीतर चुरा होतो. मग एका हातात टोक धरायचं, दुसऱ्या हाताच्या बोटाभोवती शीर गुंडाळायची आणि एका झटक्यात ओढायची. पानाचे दोन अर्धे अखंड सुटले पाहिजेत. हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. आमच्या शेजारच्या काकू वखारीत जात. त्यांच्या उजव्या हाताची बोटं कायम पिवळट तपकिरी, राखेनं घासली तरी तशीच. हळदीकुंकवाला त्या वाटी डाव्या हातानं घ्यायला बघत आणि आई म्हणायची, "वैनी, उजवा हात पुढं करा की."

नॉर्थ स्ट्रीटवरच्या चहाच्या दुकानात शेजारच्या टेबलावर एक वयस्कर बाई होत्या. मी कारखान्याचे फोटो चाळतेय हे बघून त्याच बोलल्या. त्यांची आई आणि मावशी दोघी 'विल्समध्ये' होत्या. बेडमिन्स्टरमध्ये ही नोकरी लागली की मुलीचं नशीब उघडलं असं समजत. भरपगारी सुट्टी, कँटीन, डॉक्टर, खेळायला मैदान, हे सगळं विल्सनं इतरांच्या बरंच आधी दिलं होतं. आठवड्याला सिगारेटी फुकट मिळत, त्या घरच्या पुरुषांना जात. बोलताना बाईंच्या आवाजात अभिमान होता, आणि तो मला खरा वाटला. आपल्याकडे सिन्नरला, सोलापूरला बिड्या वळणारी बाई अजूनही हजारी मजुरीवर घरी बसून काम करते. धूर तोच, आणि त्याचं नुकसानही तेच. फरक मालकानं कामगाराला काय दिलं एवढ्यातच होता, आणि तो फरक मोठा आहे.

1981 ची निपाणी मला आठवते. शेतकरी तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर बसले होते. शरद जोशींच्या सभा, रस्त्यावर पेटलेल्या चुली, आणि मग पोलिसांचा गोळीबार. पान पिकवणाऱ्याचा हिस्सा या धंद्यात सगळीकडेच सगळ्यात लहान. व्हर्जिनियाच्या मळेवाल्यांपासून तेच. बाईंना मी हे मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "मग भाव मिळाला का?"

रॅली रोडवर 'टोबॅको फॅक्टरी' नावाचीच इमारत आहे, विल्सच्याच नंतरच्या कारखान्याचा उरलेला तुकडा. जॉर्ज फर्ग्युसन या वास्तुविशारदानं 1990 च्या दशकात ती पाडण्यापासून वाचवली. पुढं तो ब्रिस्टलचा निवडून आलेला पहिला महापौर झाला. आत नाट्यगृह आणि खाणावळ. संध्याकाळचं तिकीट मिळालं नाही, त्यामुळे सूप पिऊन परतलो.

रविवार

ब्लॅगडन हे मेंडिपच्या डोंगरउतारावरचं खेडं, ब्रिस्टलपासून वीसेक किलोमीटर. रविवारी बसचं खरं नाही, म्हणून भाचीच्या मैत्रिणीनं आपल्या गाडीनं नेलं. खाली मोठा तलाव. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ब्रिस्टलच्या पाण्यासाठी इथं नदी अडवली. काठावर ट्राउट मासे धरणारे तासन्‌तास उभे असतात.

गावाबाहेर कूम्ब लॉजमध्ये विल्स राहायचा. त्याचं घर आता नाही. 1930 नंतर त्याच जागी नवं बांधलं, त्यात हल्ली लग्नं होतात. सेंट अँड्र्यूज चर्चचा उंच मनोरा जुना आहे, खालची इमारत विल्सनं 1907 ते 1909 मध्ये पदरच्या पैशानं नव्यानं बांधून दिली. वास्तुविशारद पुन्हा फ्रँक. प्रार्थना संपून लोक चहा घेत होते, आम्हालाही दिला. आतला दगड अजून नवा वाटतो, कडा धारदार. मनोऱ्याच्या बाजूला आलं की दगडाचा पोत बदललेला बोटांना कळतो.

1906 मध्ये तो लॉर्ड झाला. विंटरस्टोक हे या परिसराच्या जुन्या महसुली विभागाचं नाव. 29 जानेवारी 1911 रोजी तो इथंच वारला. बायको एलिझाबेथ 1896 मध्येच गेलेली, मूलबाळ नाही, त्यामुळे किताबही त्याच्यासोबत संपला. पैशाचा मोठा वाटा मिळाला तो बायकोच्या नात्यातल्या, मुलीसारख्या वाढवलेल्या जॅनेटला. जॅनेट स्टँकोम्ब-विल्स पुढं रॅम्सगेटची पहिली महिला महापौर झाली.

शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेला तिनं सढळ हातानं मदत केली, म्हणून त्यानं एका होडीला तिचं नाव दिलं. 1915 मध्ये 'एन्ड्युरन्स' जहाज बर्फात चिरडलं. होड्यांतून माणसं कशीबशी एलिफंट बेटावर पोचली. शॅकल्टन पाच जणांना घेऊन मदत आणायला गेला आणि मागं राहिलेल्या बावीस जणांनी दोन होड्या उलट्या घालून त्याखाली साडेचार महिने काढले. त्यातली एक 'स्टँकोम्ब विल्स'. 30 ऑगस्ट 1916 रोजी बावीसच्या बावीस जिवंत बाहेर निघाले. व्हर्जिनियाच्या पानातून निघालेला पैसा शेवटी त्या बावीस जणांच्या डोक्यावरचं छप्पर झाला, हे मी चहाचा कप हातात घेऊन भाचीला सांगत होते. ती म्हणाली, "मावशी, शुक्रवारी भांडत होतीस त्यापेक्षा आज बरंच पटलं."

जाणाऱ्यांसाठी एवढंच : संग्रहालय सोमवारी बहुधा बंद असतं, अभिलेखागाराला आधी कळवावं लागतं, आणि ब्लॅगडनला स्वतःच्या वाहनानं गेलेलं बरं. वेळ कमी असेल तर पार्क स्ट्रीटवरचा एखादा तास कापा, पण ईस्ट स्ट्रीटची भिंत चुकवू नका.